सरकत्या किनाऱ्यावरची दैवतं

वेलचेरी म्हटलं की चेन्नईच्या माणसाला आठवतात ते मॉल, माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या दिशेने धावणाऱ्या बसगाड्या आणि २०१५ च्या महापुरात बुडालेल्या सोसायट्या. समुद्र इथून चार-पाच किलोमीटर पूर्वेला, तिरुवान्मियूरच्या पलीकडे आहे. दक्षिणेला पळ्ळिकरणैची दलदल पसरली आहे. एके काळी ती आजच्या कितीतरी पट मोठी होती. आता तिच्यावर इमारती उभ्या आहेत आणि उरलेल्या तुकड्याला २०२२ साली पाणथळ जागांच्या रामसर यादीत जागा मिळाली. किनाऱ्याच्या धार्मिक इतिहासाची सुरुवात अशा गावापासून करणं कुणाला उफराटं वाटेल. मैलापूर, सँथोम, महाबलीपुरम अशी नावाजलेली ठिकाणं सोडून वेलचेरी कशाला? मात्र त्या नावाजलेल्या ठिकाणांवरचा पुरावा जागचा हललेला आहे, आणि हललेल्या वस्तूची हालचाल मोजायची तर आधी एक न हललेली खूण हाताशी असावी लागते. वेलचेरी ही तशी खूण आहे.

वेलचेरीत दंडीश्वराचं मंदिर आहे आणि सेल्लियम्मनचं ठाणं आहे. दोन्हीकडे दहाव्या शतकाच्या आसपासचे लेख आहेत; गंडरादित्य चोळाच्या आणि पार्थिवेंद्रवर्माच्या काळातले. गावाला दिनचिंतामणी चतुर्वेदिमंगलम असंही नाव होतं. चतुर्वेदिमंगलम म्हणजे आपल्याकडच्या भाषेत अग्रहार: ब्राह्मणांना दिलेलं, स्वतःच्या सभेमार्फत कारभार चालवणारं गाव. या काळातले चोळ लेख बहुधा कोरडे असतात. त्यांत स्तुती थोडी, व्यवहार फार. अखंड दिव्यासाठी नव्वद किंवा शहाण्णव मेंढ्या देवळाला द्यायच्या, त्या धनगराने सांभाळायच्या आणि रोज ठरलेल्या मापाने तूप पोचवायचं. या मेंढ्या कधी मरत नाहीत, म्हाताऱ्याही होत नाहीत असं लेखात म्हटलेलं असतं. अर्थ एवढाच की मेंढी मेली तरी कळपाची संख्या भरून काढायची जबाबदारी धनगराची. दान कुणाचं, जमिनीची हद्द कुठून कुठवर, तळं कोणतं, हे सगळं अशा लेखांत येतं. म्हणून लेख आपल्या गावात, आपल्या देवळात असेल तर तो आजूबाजूच्या भूगोलाशी ताडून पाहता येतो. लेख दुसरीकडे गेला की वाचता येतो, पण ताडता येत नाही.

मैलापुरात नेमकं हेच झालं आहे. आजचं कपालीश्वराचं मंदिर मोठं, गजबजलेलं, तळ्यासह देखणं. मात्र ते सोळाव्या-सतराव्या शतकानंतरचं बांधकाम आहे. सातव्या शतकात शैव संतकवी ज्ञानसंबंधरांनी ज्या मैलापूरचं गायन केलं ते देऊळ हे नव्हे, आणि या जागेवरही नव्हतं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पंधराव्या शतकातले तमिळ भक्तकवी अरुणगिरिनाथर मैलापूरच्या देवळाचं वर्णन लाटांच्या शेजारचं म्हणून करतात. त्याच किनाऱ्यावर आज सँथोमचं चर्च आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या आवारातले कोरीव दगड गोळा करण्याचं काम फादर होस्टन या जेझुइट अभ्यासकाने केलं. त्या परिसरातल्या एका तुटक चोळ लेखात नृत्य करणाऱ्या देवापुढे रात्री दिवा जळत राहावा म्हणून दिलेल्या दानाची नोंद आहे. दुसऱ्या एका तुकड्यात जैन तीर्थंकर नेमिनाथस्वामींना दिलेल्या दानाचा उल्लेख येतो. म्हणजे एकाच किनाऱ्यावर शैव देऊळ, जैन देऊळ आणि प्रेषित थॉमसची कबर, अशा तीन परंपरा सांगितल्या जातात. तिन्हींचा पुरावा एकमेकांत मिसळला आहे आणि एकही देवालय मूळ रूपात उभं नाही.

हे कसं झालं याची दोन उत्तरं प्रचलित आहेत. जैन परंपरा सांगते की समुद्र आत येणार असा दृष्टांत झाला, म्हणून नेमिनाथांची मूर्ती विळुप्पुरम जिल्ह्यातल्या मेलचित्तामूरला नेली. शैव परंपरेचं उत्तर पोर्तुगीज. एका घराला समुद्राने गिळलं आणि शेजारच्या घराला फिरंग्यांनी पाडलं, असं दोघांनी आपापल्या परीने सांगावं तसं हे आहे. दोन्ही खरं असू शकतं, पण एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खाती लावता येत नाही. अरुणगिरिनाथरांच्या वर्णनावरून शिवाचं देऊळ पंधराव्या शतकापर्यंत किनाऱ्यावर होतं असं धरावं लागतं. मग जैन मंदिर बुडवणाऱ्या समुद्राने त्याला हात लावला नव्हता, किंवा त्या बुडण्याचा काळ वेगळा होता. उलट पोर्तुगीजांच्या बाजूला एक स्वतंत्र साक्ष आहे. १५५९ च्या सुमारास विजयनगरचा रामराय पोर्तुगीजांच्या सँथोम वसाहतीवर चालून आला, लोकांना ओलीस धरून त्याने खंडणी वसूल केली, आणि देवळं पाडल्याच्या तक्रारी हे त्याचं एक कारण होतं. तक्रार राजदरबारापर्यंत गेली होती, एवढं यातून निश्चित होतं. कोणतं देऊळ, किती देवळं, हे त्यातून ठरत नाही. लोकप्रिय पुस्तकं इथेच घाई करतात.

मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे इथे गोवा उभा राहतो, आणि हाच खरा अडथळा आहे. गोव्याची गोष्ट आपल्याला पाठ आहे. १५६० साली मंगेश कुठ्ठाळीहून जुवारी ओलांडून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली, दिवाडीचा सप्तकोटीश्वर नार्व्याला गेला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचं देऊळ नव्याने बांधवलं. तिथे दोन्ही टोकं दिसतात: देव निघाला ते गाव, आणि देव पोचला ते गाव. शिवाय गोव्यात पोर्तुगीज राज्यकर्ते होते. पाडलेल्या देवळांच्या जमिनी कुणाकडे गेल्या याचं दप्तर त्यांनी महसुलासाठी ठेवलं. सँथोमची वसाहत विजयनगरच्या मुलखात, बरीचशी व्यापाऱ्यांच्या आणि धर्मगुरूंच्या भरवशावर वाढलेली. तिथे देवळांच्या जमिनीचं तसं दप्तर नाही. म्हणून गोव्याची चौकट जशीच्या तशी मैलापूरवर बसवली की पुराव्यात नसलेली खात्री लेखनात शिरते.

किनारा तरी स्थिर आहे का? चेन्नई बंदराचं बांधकाम १८७५ च्या सुमारास सुरू झालं. या किनाऱ्यावर वाळू बहुतांशी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. बंदराच्या भिंतींनी ती अडवली, दक्षिणेला साचत गेली आणि मरीनाचा आजचा रुंद किनारा त्यातून वाढला. उत्तरेला रायपुरम बाजूला मात्र समुद्र जमीन खात राहिला. तेव्हा आज देवळापासून समुद्र किती मीटरवर आहे हे मोजून पाचशे वर्षांपूर्वीबद्दल काही सिद्ध करता येत नाही. ‘इतक्या आत लाटा कशा येतील’ किंवा ‘इतकं जवळ देऊळ कोण बांधेल’ हे दोन्ही युक्तिवाद निम्मे बाद ठरतात. वेलचेरीचं महत्त्व इथे कळतं. दलदलीमागच्या या गावाला वाळूची ही उलथापालथ पोचली नाही. तिथला दहाव्या शतकातला लेख सांगतो ते गाव आजही त्याच जागी आहे.

वेलचेरीच्या वायव्येला, फार दूर नाही, सेंट थॉमस माउंट आहे. १५४७ मध्ये तिथल्या चर्चचा पाया खणताना पहलवी लेख असलेला दगडी क्रूस निघाला. बर्नेल या इंग्रज अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात त्याचा काळ सातवं-आठवं शतक ठरवला. वाचनाबद्दल मतभेद अजून आहेत. केरळात असे क्रूस आहेत, आणि २००१ साली गोव्यात आगशीजवळही एक सापडला. हा क्रूस म्हणजे पहिल्या शतकात थॉमस इथे आल्याचा पुरावा, असं भाविक मानतात. क्रूस स्वतः मात्र सातशे वर्षांनंतरच्या ख्रिस्ती वस्तीबद्दल बोलतो, आणि इराणशी नातं असलेल्या व्यापारी-धार्मिक जाळ्याबद्दल. नुसती लिपी पाहून धर्मही ठरवता येत नाही. आपल्या कान्हेरीच्या लेण्यांतही पहलवी लेख आहेत, १००९ आणि १०२१ सालचे, आणि ते कोरवून घेणारे पारशी होते. एकच लिपी, एकाच समुद्रमार्गाने आलेली, दोन धर्मांची.

या सगळ्यावर एक वजनदार आक्षेप आहे. वेलचेरीला खूण मानायचं म्हणजे अग्रहाराच्या सभेच्या डोळ्यांनी किनारा पाहायचा. लेख कोरवणारे जमीनदार, ब्राह्मण, राजे. किनाऱ्यावर राहणारे कोळी मात्र कुठल्याच दगडावर नाहीत. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचं उत्तर दगडात शोधून मिळणार नाही. ते पंचांगात मिळतं. संबंधरांनी मैलापूरला एका पदसमूहात वर्षाचे सण क्रमाने गुंफले आहेत, त्यात मासी या तमिळ महिन्यातलं समुद्रस्नान आहे. आजही मासीमघाला, म्हणजे मासीतल्या मघा नक्षत्राच्या दिवशी, या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांतून देव समुद्रावर आणतात. महाबलीपुरमच्या वाळूत त्या दिवशी इरुळर आदिवासी जमतात, तात्पुरती खोपटी बांधतात, ओल्या वाळूची पायऱ्यापायऱ्यांची ठाणी रचून कन्नियम्मनची पूजा करतात. ती ठाणी दुसऱ्या दिवशी उरत नाहीत. किनाऱ्यावरच्या धर्माने दगड मागे ठेवला नाही याचं कारण दारिद्र्य एवढंच नाही. पूजेची रीतच अशी की तिला दगड लागत नाही. देऊळ हललं, मूर्ती गेली, पण महिना आणि नक्षत्र जागेवर राहिलं. तेराशे वर्षं टिकलेली ही एक नोंद शिलालेखाइतकी घट्ट आहे.

इथे मोह होतो तो सातच्या आकड्याचा. वेलचेरीच्या सेल्लियम्मनपाशी सप्तमातृका आहेत. इरुळरांच्या आणि कोळ्यांच्या श्रद्धेत सात कन्या आहेत. आपल्याकडे विहिरीवर, ओढ्याकाठी सात दगड मांडून शेंदूर लावलेल्या साती आसरा आहेत. तिन्ही एकच, असं म्हणून मोकळं व्हावं असं फार वाटतं. पण ब्राह्मी, माहेश्वरी, वैष्णवी या मातृका देवांच्या शक्ती आहेत, प्रत्येकीला वाहन आणि आयुध आहे. आसरांना ना वाहन ना आयुध, त्या पाण्याच्या आहेत आणि त्यांना चटकन राग येतो. फार तर एवढं म्हणता येईल की गावाने शास्त्रोक्त मातृका घडवून घेतल्या तेव्हा पाणवठ्यावरच्या सात जणींची पूजा परिसरात परिचित असावी. यापुढे जायला पुरावा नाही.

दुसरा आक्षेप असा: सगळंच हललेलं आहे म्हटलं तर कुणीही काहीही सांगावं. जॉर्ज टाउनमधल्या काळिकांबाळ मंदिरात शिवाजी महाराज ३ ऑक्टोबर १६७७ रोजी दर्शनाला आले होते, असं मंदिराची परंपरा सांगते, आणि मराठी पर्यटक तिथे आवर्जून थांबतात. हे मंदिरही आधी समुद्राकाठी होतं आणि नंतर आत आलं असं मानतात. सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या इंग्रजांच्या कागदांत १६७७ साली महाराजांनी औषधं आणि विषावरचे उतारे मागवल्याची नोंद आहे. म्हणजे ते या मुलखात होते आणि मद्रासशी त्यांचा पत्रव्यवहार होता, हे इंग्रजांच्या कागदांवरून ठरतं. दर्शनाची तारीख परंपरेची. दोन्ही गोष्टी सांगाव्यात, पण एका दमात सांगू नयेत. परंपरेला खोटं ठरवण्याची गरज नाही, तिला कागदाचं वजन देण्याचीही नाही.

हललेल्या पुराव्यावरूनही पक्कं काही हाती लागू शकतं याचा दाखला महाबलीपुरमच्या उत्तरेला, साळुवनकुप्पमला मिळाला. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने तिथली वाळू उपसली आणि एका खडकावरचे लेख उघडे पडले. त्यांत राष्ट्रकूट तिसरा कृष्ण याच्या काळातला लेख आहे. तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव करून दक्षिणेत उतरलेला हा राजा. लेखांत तिरुविळ्चिलच्या सुब्रह्मण्य मंदिराचा उल्लेख होता, पण आसपास मंदिर दिसत नव्हतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २००५ साली तिथे खणलं आणि वाळूखाली मुरुगनचं मंदिर निघालं: वर पल्लवकाळातलं दगडी बांधकाम, खाली त्याहून जुनं विटांचं. विटांचं देऊळ संघमकाळातलं, असं उत्खननकर्त्यांचं म्हणणं आहे आणि त्यावर वाद आहे. ते समुद्राच्या लाटेने पडलं की वादळाने, यावरही आहे. लेखात लिहिलेलं देऊळ लेखाच्या शेजारीच होतं, यावर मात्र वाद उरलेला नाही. साळुवनकुप्पमला हे जमलं कारण तिथे वरती वस्ती नव्हती. सँथोमला चर्च नांदतं आहे, भोवती शाळा, दाट घरं आणि कोळीवाडे आहेत. तिथे कुदळ चालणार नाही. त्यामुळे मैलापूरच्या जुन्या देवळाचा प्रश्न सुटायचा असेल तर तो चर्चच्या आवारातले, नव्या कपालीश्वराच्या भिंतींतले आणि इतरत्र गेलेले तुकडे अक्षरवळणाने, दगडाच्या जातीने आणि तुटलेल्या कडांनी एकमेकांशी जुळवून, आणि त्यांतली गावं-तळी वेलचेरीसारख्या जागच्या लेखांशी ताडूनच सुटेल.