दगडाला वय विचारणारी माणसं

ऐका मुलांनो, आजची गोष्ट एका माशाच्या दातापासून सुरू होते.

इटलीतल्या लिव्होर्नो बंदराजवळ १६६६ सालच्या ऑक्टोबरात कोळ्यांनी एक प्रचंड शार्क पकडला. आपले कोळी जिला मुशी म्हणतात, तिच्याच जातकुळीतला, पण राक्षसी आकाराचा. खबर थेट फ्लॉरेन्सच्या ग्रँड ड्यूकच्या कानावर गेली. त्यानं हुकूम सोडला, मुंडकं कापून इकडे पाठवा. फ्लॉरेन्सला तेव्हा नील्स स्टेनसेन नावाचा एक डॅनिश वैद्य राहत होता. जग त्याला स्टेनो म्हणून ओळखतं. वय अवघं अठ्ठावीस, पण शरीराची चिरफाड करून आतली रचना उलगडण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. मुंडकं त्याच्याच टेबलावर आलं.

स्टेनोनं जबडा उघडला आणि दातांकडे बघतच राहिला. त्रिकोणी, धारदार, चकचकीत. असे दगड त्यानं आधी पाहिले होते! माल्टा बेटावरच्या खडकांतून ते ढिगानं निघत आणि लोक त्यांना जीभदगड म्हणत. कुणी म्हणे ते ग्रहणाच्या रात्री आकाशातून पडतात. कुणी म्हणे संत पॉलनं शाप देऊन सापांच्या जिभांचे दगड केले, ते हे. विषावर उतारा म्हणून लोक ते गळ्यात बांधायचे. हे शार्कचे दात असावेत, असं स्टेनोच्या आधीही एकदोघांनी म्हटलं होतं. स्टेनोनं ते जबड्याशी ताडून पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

तुमच्याही मनात तोच आला असणार. समुद्रातल्या माशाचा दात जमिनीवरच्या खडकाच्या पोटात कसा गेला?

स्टेनो टस्कनीच्या डोंगरांत हिंडला, कडेकपाऱ्या तपासल्या आणि १६६९ साली त्यानं एक छोटंसं पुस्तक छापलं. त्यातलं म्हणणं असं: खडक एकेकाळी गाळ होता. पाण्याच्या तळाशी तो थराथरानं बसला आणि त्यात मेलेल्या जिवांची हाडं, दात, शिंपले अडकले. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. गाळ बसतो तो आडवाच. म्हणून कुठे थर तिरके किंवा उभे दिसले, तर तिथे नंतर काहीतरी मोठी उलथापालथ झाली, असं समजावं. इतकं साधं! पण त्याआधी डोंगराकडे बघून त्यात काही आधी आणि काही नंतर घडलेलं आहे, असं इतकं नेमकं कुणी मांडलं नव्हतं. क्रम कळला. किती वर्षांपूर्वी, ते मात्र दगड अजून बोलत नव्हता.

वर्षं मोजणारे लोक होते, पण ते दगडाकडे जात नव्हते, ग्रंथांकडे जात होते. आयर्लंडमधला आर्चबिशप जेम्स अशर यानं १६५० साली गणित मांडलं, की जगाची निर्मिती इसवी सनापूर्वी ४००४ साली, ऑक्टोबरच्या २३ तारखेला झाली. हसू नका हं. बायबलमधल्या वंशावळी, पर्शिया आणि बॅबिलोनच्या राजांच्या कारकिर्दी, जुन्या भाषांमधल्या पोथ्या, हे सगळं वर्षानुवर्षं ताडून त्यानं ती तारीख काढली होती. मनापासून केलेलं, कष्टाचं काम होतं ते. त्यानं ज्यांना विचारलं ती पुस्तकं माणसांची होती, म्हणून उत्तरही माणसांच्या आठवणीएवढंच मोठं आलं. सहा हजार वर्षांच्या आत सगळं!

“पण आजोबा, पूजेत गुरुजी कल्प म्हणतात, तो तर कोट्यवधी वर्षांचा असतो ना?”

असतो, ४३२ कोटींचा. आणि पृथ्वीचं आज मोजलेलं वय साडेचारशे कोटींच्या जरा वर आहे, म्हणून पुष्कळ जण सांगतात की बघा, आपल्या पूर्वजांना हे ठाऊकच होतं. हिशोब नीट करून बघा. त्याच परंपरेप्रमाणे चालू कल्प सुरू होऊन सुमारे १९७ कोटी वर्षंच झाली आहेत. ४३२ कोटी हे पृथ्वीचं वय तिथेही कुणी म्हटलेलं नाही, तो ब्रह्मदेवाचा एक दिवस आहे. युगांच्या गुणाकारातून आलेला आकडा तो, खडकातून आलेला नव्हे. मला आपल्या लोकांचा अभिमान वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. युरोपातले विद्वान लाख वर्षं म्हणायलाही धजत नव्हते, तेव्हा आपली माणसं रोजच्या पूजेत कोटींची भाषा बोलत होती. एवढ्या मोठ्या काळाची त्यांना भीती वाटली नाही, हे काही थोडं नाही.

पुढे फ्रान्समध्ये ब्युफाँ नावाचा एक सरदार निसर्गाचा अभ्यास करत होता. त्याच्या माँबारच्या जहागिरीत लोखंडाची भट्टी होती. त्यानं वेगवेगळ्या आकारांचे लोखंडी गोळे पांढरेफटक होईपर्यंत तापवले आणि ते हात लावण्याजोगे थंड व्हायला किती वेळ लागतो हे मोजलं. पृथ्वी आधी तापलेला गोळा होती, तर एवढा मोठा गोळा निवायला किती काळ लागेल? १७७८ साली त्यानं छापलं, सुमारे ७५ हजार वर्षं. त्याच्या हस्तलिखितांत मात्र ३० लाखांपर्यंतचे आकडे सापडले. ते छापायला तो धजला नाही. उत्तर चुकीचं होतं, पण मला हा माणूस आवडतो. पृथ्वीचं वय काढायला त्यानं वस्तूच हाती घेतली.

आता स्कॉटलंडला चला, कारण माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात मोठा क्षण तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर घडला.

जेम्स हटन, एडिंबराचा. शिकला वैद्यकी आणि रमला शेतीत. शेतात उभं राहून तो बघे, पावसानं माती वाहून जाते, ओढ्यातून नदीत, नदीतून समुद्रात. त्याला प्रश्न पडला, हे असंच चालत आलं असेल तर जमीन एव्हाना संपून जायला हवी होती. ती संपली नाही, म्हणजे कुठेतरी नवी जमीन घडतही असली पाहिजे. समुद्राच्या तळाशी गाळ बसतो, दगड होतो, आणि पृथ्वीच्या पोटातली उष्णता त्याला वर उचलते. पुन्हा झीज, पुन्हा गाळ, पुन्हा उचल. १७८५ साली एडिंबराच्या रॉयल सोसायटीत हे वाचलं गेलं. लोकांनी ऐकून घेतलं, पण पटलं थोड्यांनाच.

मग १७८८ साली हटन आपल्या दोन मित्रांना, गणिती जॉन प्लेफेअर आणि तरुण जेम्स हॉल यांना घेऊन होडीनं निघाला. किनाऱ्याकिनाऱ्यानं जाता जाता त्यांची होडी सिकर पॉइंट नावाच्या सुळक्याला लागली. तिथे खाली करड्या खडकाचे थर चक्क उभे आहेत, आणि त्यांच्या डोक्यावर लाल वाळूच्या दगडाचे थर जवळजवळ आडवे पसरलेत. बस, एवढंच दृश्य. पण स्टेनोचा नियम आठवा आणि खालून वर वाचत या. करडा गाळ समुद्रतळाशी आडवा बसला. त्याचा दगड झाला. तो दुमडून उभा झाला, पाण्याबाहेर आला. वारापावसानं त्याची टोकं झिजवून सपाट केली. त्यावर लाल वाळू साचली, तिचाही दगड झाला. मग हे सगळं पुन्हा उचललं गेलं आणि आता समुद्र ते पुन्हा झिजवतोय. यातली एकेक पायरी किती सावकाश चालते, हे हटनला शेतीतून ठाऊक होतं. तो समजावत गेला आणि एवढ्या काळाच्या कल्पनेनं प्लेफेअरला गरगरल्यासारखं झालं, अशी नोंद त्यानंच नंतर केली आहे.

आज आपल्याला तिथली वर्षंही माहीत आहेत. करडा खडक सुमारे साडेत्रेचाळीस कोटी वर्षांचा, लाल सुमारे सदतीस कोटींचा. दोन्ही जिथे टेकतात, त्या एका रेषेत साडेसहा कोटी वर्षं गडप झालेली आहेत. आपला सह्याद्री ज्या लाव्ह्यातून घडला, तो वाहून जवळपास तेवढीच वर्षं झाली! आणि काळा पाषाण हा वितळलेल्या खडकातून येतो, समुद्राच्या पाण्यातून साका बसून नव्हे, हेही हटनच सांगत होता. होडीतल्या त्या जेम्स हॉलनं पुढे तसा दगड भट्टीत वितळवला आणि हळूहळू निववून दाखवलं, की त्याची काच न होता पुन्हा दगडच होतो.

हटनचा विचार चार्ल्स लायेलनं १८३० पासून तीन खंडांत मांडला. पहिल्या खंडात त्यानं इटलीतल्या पोझुओलीच्या तीन संगमरवरी खांबांचं चित्र दिलं. त्या खांबांवर बऱ्याच उंचीपर्यंत समुद्रातल्या शिंपल्यांनी भोकं पाडली आहेत. म्हणजे रोमन काळात बांधलेली ती जागा मधल्या काळात समुद्रात बुडाली आणि पुन्हा वर आली, तीही इतकी अलगद की खांब उभेच राहिले.

हा पहिला खंड बीगल जहाजाच्या कप्तानानं बावीस वर्षांच्या एका पोराला भेट दिला. तो चार्ल्स डार्विन. २० फेब्रुवारी १८३५ रोजी तो चिलीच्या एका रानात आडवा पडला होता आणि जमीन हलली. मोठा भूकंप होता. नंतर किनाऱ्यावर पाहिलं तर खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांचे पट्टे भरतीच्या रेषेच्या वर उचलले जाऊन मेले होते. डोंगर असा वर येतो तर! एका वेळी हात-दोन हात, पण पुरेसा काळ मिळाला तर अँडीजएवढा. डार्विननं हाच विचार जीवसृष्टीला लावला. पिढीगणिक किंचित फरक, त्यातला उपयोगी तो टिकणार, आणि काळ अफाट. १८५९ च्या ग्रंथात त्यानं दक्षिण इंग्लंडमधलं एक खोरं झिजायला ३० कोटी वर्षं लागली असावीत, असा अंदाज दिला. त्यावर टीका झाली आणि तिसऱ्या आवृत्तीत त्यानं तो काढून टाकला.

आणि नेमका तेव्हाच, १८६२ साली, त्या काळातला सर्वांत मोठा पदार्थवैज्ञानिक पुढे आला. ग्लासगोचा विल्यम थॉमसन, पुढचा लॉर्ड केल्व्हिन. खाणीत खाली जावं तशी उष्णता वाढते, म्हणजे पृथ्वी आतून उष्णता गमावते आहे. सुरुवातीला ती वितळलेली होती असं धरलं, तर आजपर्यंत किती काळ गेला? गणित चोख होतं. उत्तर आलं, २ ते ४० कोटींच्या दरम्यान. पुढे १८९७ पर्यंत तो २ ते ४ कोटींवर आला. एवढ्यात अळीपासून हत्तीपर्यंतची मजल कशी मारायची? डार्विन १८८२ साली गेला, तोवर हे त्याला सलत राहिलं. केल्व्हिनच्या समीकरणांपुढे खडक वाचणाऱ्यांना बोलता येईना.

चूक हेरली ती केल्व्हिनच्याच एका जुन्या मदतनिसानं, जॉन पेरीनं, १८९५ साली. वरणाचं पातेलं चुलीवरून उतरवून तसंच ठेवलं तर वरचा थर लवकर निवतो. पण आतून ते ढवळलं जात असेल तर तळाची धग वर येत राहते, आणि वर बोट लावणाऱ्याला वाटतं, आत्ताच उतरवलंय. केल्व्हिननं पृथ्वी आतून सबंध घट्ट धरली होती. पेरी म्हणाला, आतला भाग अतिसावकाश का होईना, हलत असेल तर? तसं धरलं की वय शेकडो कोटींवर जातं. आतला भाग खरंच तसा हलतो. पण त्या वेळी त्याचं कुणी फारसं ऐकलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

१८९६ साली पॅरिसला बेकरेलला युरेनियममधून आपोआप निघणारे किरण सापडले, म्हणजेच किरणोत्सार. १९०३ साली पिअर क्युरी आणि लाबोर्द यांनी दाखवलं, की असेच किरण सोडणारं रेडियम सतत उष्णता देत राहतं. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रदरफर्ड नावाचा पदार्थवैज्ञानिक यावर बोलत होता आणि समोर ऐंशीच्या घरातला केल्व्हिन बसलेला. रदरफर्डनं खुबीनं सांगितलं, की लॉर्ड केल्व्हिन यांनी नवा उष्णतेचा स्रोत सापडला नाही तर, अशी अट आधीच घातली होती. म्हाताऱ्याचा चेहरा खुलला, असं रदरफर्डच सांगत असे. या उष्णतेमुळेच केल्व्हिनचं गणित कोसळलं, असं पुस्तकांत वाचाल. खरी मोठी चूक पेरीनं दाखवली तीच होती. किरणोत्साराची देणगी निराळी. त्यानं दगडाला बोलतं केलं.

ते असं. युरेनियम ठरलेल्या गतीनं झिजत झिजत शेवटी शिसं बनतं. त्याच्या नेहमीच्या जातीचं निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात. उन्हाळा असो, हिमयुग असो, गती बदलत नाही. दगडात युरेनियम किती उरलं आणि शिसं किती झालं हे मोजा, वय मिळतं. १९११ साली एकवीस वर्षांच्या आर्थर होम्सनं नॉर्वेतल्या एका खडकाचं वय असं काढलं: ३७ कोटी वर्षं. केल्व्हिननं शेवटी दिलेली सगळ्या पृथ्वीची आयुर्मर्यादा त्या एका दगडानं कितीतरी मागे टाकली. डार्विनला हवा होता तेवढा काळ मिळाला. जीवसृष्टीच्या जुन्या खुणा आता सुमारे ३५० कोटी वर्षांपर्यंत मागे जातात.

सबंध पृथ्वीचं वय १९५६ साली अमेरिकेच्या क्लेअर पॅटरसननं जाहीर केलं, ४५५ कोटी वर्षं. पृथ्वीवरचे सगळ्यात जुने खडक झिजून, वितळून गेलेत, म्हणून त्यानं तिच्याबरोबरच घडलेल्या उल्केचे तुकडे घेतले. अडचण एकच होती. मोजायचं ते शिसं कणभर, आणि शिसं तर सगळीकडेच निघे, धुळीत, पाण्यात, काचेत, माणसाच्या केसांत. वर्षानुवर्षं तो प्रयोगशाळा घासत, धूत, हवा गाळत राहिला, तेव्हा कुठे आकडा जमला. मग त्यानं विचारलं, एवढं शिसं आलं कुठून? बराचसा वाटा निघाला गाड्यांच्या धुराचा, कारण पेट्रोलमध्ये ते मिसळत असत. शिशाचा धंदा करणाऱ्या बड्या लोकांचा विरोध सोसून तो हे सांगत राहिला. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून ते कमी होत गेलं, आणि भारतात २००० सालापासून सगळीकडे पंपांवर फक्त बिनशिशाचंच पेट्रोल मिळू लागलं. तुमचे आईबाबा लहानपणी रस्त्यावर खेळताना जी हवा घेत होते तिच्यात ते शिसं होतं. तुमच्या वाट्याला पेट्रोलमधलं ते शिसं आलं नाही.