पन्नाशीनंतरची रॅकेट

बॅडमिंटनचे एक जुने नाव 'पूना' असे आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीत इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत, त्यावरून ते पडले. पुढे सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली मलायातील सेलांगर स्पर्धा जिंकली आणि खेळ घरोघर पोचला. नरपडच्या किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत पन्नाशी उलटलेल्यासही रॅकेट हाती घ्यावीशी वाटली तर नवल नाही. पण रोजंदारीवर पोट असलेल्याचा पाय मुरगळला की चूलच अडते. म्हणून हा विषय.

इजा वयाने होते, हा समज अर्धाच खरा आहे. दम आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात. स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा मात्र तयार व्हावयास महिने घेते. दम टिकू लागला की हुरूप वाढतो, आणि नेमकी तेव्हाच कंडरा दगा देते. टाचेमागची कंडरा तुटली तर मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

कोपराच्या बाहेरील दुखण्याला 'टेनिस एल्बो' म्हणतात. पण ते होणाऱ्या बहुतेकांनी टेनिस कधी खेळलेले नसते. सुतार, रंगारी, पान्याने बोल्ट आवळणारा फिटर यांचेच ते दुखणे. दिवसभर हात राबला असेल, तर संध्याकाळचा खेळ हा त्याच हाताचा ओव्हरटाइम ठरतो, हे आम्ही कामगारांस नेहमी सांगतो. मूठ सैल धरावी. कोपर दुखू लागल्यास खेळ कमी करावा.

आरंभी दहा मिनिटे चालावे, खांदे व घोटे फिरवावे, मग हलके फटके मारावे. पहिले काही आठवडे एक दिवसाआड अर्धा तास, तोही जोडीने खेळावा. भिंतीला धरून टाचा सावकाश उचलाव्या व सावकाश टेकाव्या. एका पायावर तोल साधावा. पासष्टीनंतर तोल व ताकद यांचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. भुसभुशीत वाळूत किंवा चपला घालून खेळू नये. डोक्यावरून जाणाऱ्या फुलामागे उलटे धावू नये, वळून जावे. जोडीदार मागून फटका मारीत असता तोंड मागे फिरवू नये, डोळा जाईल. रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांस विचारावे. छाती दाटली, घेरी आली, तर डाव अर्धा सोडून तडक इस्पितळ गाठावे.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुट्टी मिळाली. तीत खेळ जरूर यावा. पण आठवड्याचा सारा खेळ त्या एका दिवशी उरकू नये. साप्ताहिक विश्रांती जशी माणसाला लागते, तशीच ती कंडरेलाही लागते.