नोकरी सांभाळून डॉक्टरेट : व्यवसायोपचार क्षेत्रातील संधी आणि मर्यादा

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात सार्वजनिक क्षेत्रात जे तीन मोठे पोलाद कारखाने उभे राहिले, त्यांत रुरकेला आणि दुर्गापूर यांच्याबरोबर भिलाईचा समावेश होतो. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानुसार हा कारखाना उभारण्यात आला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर वसाहत, शाळा आणि सेक्टर ९ मधील रुग्णालयही उभे राहिले. विदर्भातून आलेली अनेक मराठी कुटुंबे या नगरीत स्थायिक झाली.

पोलादाच्या कामात भाजणे, बोटे गमावणे, मणक्याला इजा होणे हे धोके असतात. शल्यचिकित्सक जखम बरी करतो. परंतु तो कामगार पुन्हा पाना धरू शकेल का, सदऱ्याची गुंडी लावू शकेल का, कामावर परत जाऊ शकेल का, हे प्रश्न त्यानंतर सुरू होतात. त्यांची उत्तरे शोधणारे शास्त्र म्हणजे व्यवसायोपचार, अर्थात ऑक्युपेशनल थेरपी. येथे 'व्यवसाय' या शब्दाचा अर्थ केवळ नोकरीधंदा असा नसून माणसाच्या दैनंदिन जीवनातील सर्व अर्थपूर्ण कृती असा आहे.

या क्षेत्रात काम करणाऱ्या तज्ज्ञांपुढे अलीकडे एक नवा पर्याय आला आहे. नोकरी न सोडता, संगणकाच्या साहाय्याने, परदेशी विद्यापीठाची क्लिनिकल डॉक्टरेट मिळवता येते. भिलाईसारख्या शहरातील तज्ज्ञाने हा पर्याय स्वीकारावा का, या प्रश्नाचा शैक्षणिक, कायदेशीर आणि आर्थिक अशा तिन्ही अंगांनी विचार करणे आवश्यक आहे.

भारतातील पार्श्वभूमी

भारतात या शास्त्राचा पाया मुंबईत घातला गेला. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विवाहानंतर भारतात स्थायिक झालेल्या कमला निंबकर यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू झाले. आशियातील हे या विषयाचे पहिले विद्यालय मानले जाते. १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक सदस्यांमध्ये भारताचा समावेश होता. पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हे शिक्षण उपलब्ध झाले. भिलाईच्या विद्यार्थ्याला मुंबई–हावडा लोहमार्गावरील नागपूर हे त्या दृष्टीने सोयीचे केंद्र आहे.

दोन प्रकारच्या डॉक्टरेट

पीएच.डी. ही संशोधनाची पदवी आहे. तीत नवे ज्ञान निर्माण करणे अपेक्षित असते. क्लिनिकल डॉक्टरेट ही व्यावसायिक पदवी असून उपलब्ध संशोधनाचा उपचारात वापर, सेवांचे व्यवस्थापन आणि नेतृत्व यांवर तिचा भर असतो. अमेरिकेत 'ओटीडी' या नावाने ती ओळखली जाते आणि तिचेही दोन प्रकार आहेत. व्यवसायात प्रथमच प्रवेश करणाऱ्यांसाठीच्या अभ्यासक्रमात २४ आठवड्यांचे प्रत्यक्ष क्षेत्रकार्य आणि १४ आठवड्यांचा अंतिम प्रकल्प असतो. दुसरा प्रकार आधीच पात्र असलेल्या तज्ज्ञांसाठी असून मुख्यतः तोच ऑनलाइन उपलब्ध आहे. आपल्या कामाच्या ठिकाणचाच एखादा प्रश्न घेऊन त्यात प्रकल्प करता येतो.

डॉक्टरेट ही किमान प्रवेश पात्रता असावी का, याबाबत खुद्द अमेरिकेतही एकमत झाले नाही. २०२७ पासून प्रवेशासाठी डॉक्टरेट अनिवार्य करण्याचा निर्णय तेथील अधिस्वीकृती परिषदेने २०१७ मध्ये घेतला होता. परंतु तो स्थगित झाला आणि २०१९ मध्ये पदव्युत्तर व डॉक्टरेट असे दोन्ही मार्ग खुले ठेवण्यात आले. खर्च वाढेल, विद्यार्थी कर्जात बुडतील आणि त्या प्रमाणात रुग्णाला लाभ होईलच असे नाही, हे विरोधकांचे मुद्दे होते.

कायद्याची चौकट

भारतात दीर्घकाळ या व्यवसायासाठी राष्ट्रीय नियामक नव्हता. दिल्लीने १९९७ मध्ये आणि महाराष्ट्राने २००२ च्या अधिनियमाद्वारे राज्य परिषदेची तरतूद केली. राष्ट्रीय पातळीवरील उणीव राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ ने दूर केली. या अधिनियमाच्या व्याख्येनुसार 'आरोग्यसेवा व्यावसायिक' होण्यासाठी ३ ते ६ वर्षांत किमान ३६०० तासांचे शिक्षण आवश्यक आहे. व्यवसायोपचाराचा समावेश त्याच्या अनुसूचीत आहे.

ऑनलाइन पदवीच्या दृष्टीने पुढील बाबी महत्त्वाच्या आहेत. एक, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार दूरस्थ अथवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. करता येत नाही. मात्र नियोक्त्याच्या ना-हरकत प्रमाणपत्रासह अर्धवेळ पीएच.डी. करता येते. दोन, परदेशी संस्थांच्या सहकार्याने खासगी कंपन्या देऊ करत असलेल्या ऑनलाइन पीएच.डी.बाबत आयोगाने व अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने ऑक्टोबर २०२२ मध्ये सावधगिरीचा इशारा दिला. तीन, २०२१ च्या अधिनियमाखालील आरोग्यविषयक अभ्यासक्रम उच्च शिक्षणसंस्थांनी जुलै–ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून ऑनलाइन अथवा दूरस्थ पद्धतीने चालवू नयेत, असे निर्देश आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिले.

या धोरणामागील कारण स्पष्ट आहे. लकवा झालेल्या हाताची ताठरता किती आहे, हे पडद्यावर पाहून शिकता येत नाही. रुग्णाला स्पर्श करण्याचे कौशल्य अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखालीच येते. परंतु दहा-पंधरा वर्षे रुग्ण तपासणाऱ्या तज्ज्ञाची गरज वेगळी असते. तिला स्पर्श शिकायचा नसतो, तर पुरावे तपासणे, परिणाम मोजणे आणि सेवा उभारणे शिकायचे असते. हा भेद विचारात घेणे पुढील धोरणासाठी उपयुक्त ठरेल.

आर्थिक हिशेब

शिक्षण ही मानवी भांडवलातील गुंतवणूक आहे, हा विचार थिओडोर शुल्झ आणि गॅरी बेकर यांनी रूढ केला. पूर्णवेळ शिक्षणाचा मोठा खर्च म्हणजे बुडालेला पगार, अर्थात संधी-खर्च. ऑनलाइन अभ्यासक्रमात तो बराच कमी होतो, हा त्याचा खरा लाभ होय. तथापि शुल्क डॉलरमध्ये आणि उत्पन्न रुपयांत असल्याने विनिमय दराचा धोका विद्यार्थ्यावर येतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, चाळीस वर्षांच्या तज्ज्ञाला अशा पदवीसाठी एकूण २४ लाख रुपये खर्च आला आणि पदवीमुळे तिचे उत्पन्न दरमहा १० हजार रुपयांनी वाढले. वार्षिक वाढ १ लाख २० हजार रुपये होते. म्हणजे व्याज न धरताही खर्च भरून निघण्यास २० वर्षे लागतात. तोवर ती निवृत्तीच्या वयाला पोहोचलेली असेल. उत्पन्नवाढ ३० हजार रुपये असेल, तर हाच कालावधी ७ वर्षांहून कमी होतो. संपूर्ण निर्णय या उत्पन्नवाढीवर अवलंबून आहे आणि ती भरती नियमांत त्या पदवीला स्थान आहे का यावर ठरते.

मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेला संकेत सिद्धांत येथे लागू पडतो. नियोक्त्याला उमेदवाराची गुणवत्ता थेट दिसत नाही; पदवी तिचा संकेत देते. परंतु जो संकेत बाजाराला वाचता येत नाही, त्याला मोल मिळत नाही. म्हणूनच शुल्क भरण्यापूर्वी नियोक्ता व नियामक या दोघांकडून लेखी खुलासा घेणे हिताचे आहे. ओटीडी मिळाल्याने अमेरिकेत व्यवसायाचा परवाना आपोआप मिळत नाही, हेही लक्षात ठेवावे. त्यासाठी तेथील प्रमाणन परीक्षा आणि संबंधित राज्याचा परवाना आवश्यक असतो.

समाजाचा लाभ

केवळ वैयक्तिक उत्पन्नाचा हिशेब मात्र अपुरा ठरतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि त्यांत सिकलसेल आजाराचाही समावेश केला. छत्तीसगडमध्ये हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले असून २०४७ हे उद्दिष्ट वर्ष आहे. या आजारात वेदना, थकवा आणि काही रुग्णांत पक्षाघातही उद्भवतो. अशा मुलाने शाळा कशी टिकवावी, हा व्यवसायोपचाराचाच प्रश्न आहे.

याच अधिनियमाच्या कलम २० नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेला कामावरून काढता येत नाही अथवा त्याचे पद कमी करता येत नाही. हा हक्क प्रत्यक्षात यायचा असेल, तर जखमी कामगार कोणते काम करू शकतो आणि यंत्रात कोणता बदल करावा लागेल, हे सांगणारा तज्ज्ञ हवा. भिलाईतील एखाद्या तज्ज्ञाने डॉक्टरेटच्या प्रकल्पातून 'पुन्हा कामावर' जाण्याची कार्यपद्धती तयार केली किंवा मूल्यमापनाची साधने छत्तीसगडी भाषेत आणली, तर त्याचा लाभ सर्वांना होईल. खर्च मात्र तिने एकटीने सोसलेला असेल. अर्थशास्त्रात यालाच धन बाह्यता म्हणतात. असा लाभ जेथे मोठा असतो, तेथे बाजार अपुरी गुंतवणूक करतो आणि शासनाचा सहभाग समर्थनीय ठरतो.

पुढील दिशा

आजच्या नियमांत सेवेतील तज्ज्ञासाठी अर्धवेळ पीएच.डी. हा मान्यताप्राप्त मार्ग आहे. परदेशी ऑनलाइन डॉक्टरेटमधून ज्ञान निश्चित मिळू शकते, परंतु बढती व मान्यता गृहीत धरून ती घेऊ नये. शासनाच्या पातळीवर तीन गोष्टी अपेक्षित आहेत : सेवेतील तज्ज्ञांसाठी सैद्धांतिक भाग ऑनलाइन आणि प्रात्यक्षिक भाग जवळच्या मान्यताप्राप्त रुग्णालयात, अशी संमिश्र व्यावसायिक डॉक्टरेट, भरती नियमांत उच्च पात्रतेला स्थान, आणि औद्योगिक शहरांतील प्रकल्पांना शिष्यवृत्ती. अशी व्यवस्था झाल्यास भिलाईच्या तज्ज्ञाला नोकरी आणि ज्ञान यांतून एकाची निवड करावी लागणार नाही आणि तिच्या अभ्यासाचे फळ भट्टीवर हात भाजलेल्या कामगारापर्यंत पोहोचेल.