अंगठा कुठे आहे?

आमचे घर बेगम बाजारात, घाऊक किराण्याच्या दुकानांमागच्या गल्लीत. सकाळपासून दारासमोर पोती उतरत असतात, त्यामुळे वजन उचलणे ही आमच्याकडे नवलाची गोष्ट नाही. तरीही वजन हातात कसे धरावे हे मला विसाव्या वर्षी कळले, आणि तेही बाकावर उताणा पडलेला असताना. तो प्रसंग आधी सांगतो, कारण आमच्या वर्गातली पुष्कळ मुले आता जिममध्ये जाऊ लागली आहेत आणि त्यांतल्या काहींची पकड मी तेव्हा धरत होतो तशीच आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी बेंच प्रेस करीत होतो. रॉड 20 किलोचा, दोन्ही बाजूंना 15-15 किलोच्या प्लेटा, म्हणजे एकूण 50 किलो. अंगठा रॉडला वेढा न घालता मी बोटांच्याच बाजूला ठेवला होता. असे धरले की मनगटाला त्रास होत नाही असे कोणीतरी सांगितलेले. तळहात घामाने ओले होते. पाचव्या वेळी रॉड उजव्या तळहातावरून निसटला. तेथे रोज संध्याकाळी येणारे एक वयस्कर चाचा मागे उभे होते, त्यांनी तो झेलला. तरी एक टोक गळ्याच्या हाडावर आदळलेच. चाचा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "अंगूठा किधर है, बेटा?" काळानिळा डाग आठवडाभर होता. आईला दार लागले म्हणून सांगितले.

आईचे माहेर बीदरचे, म्हणून घरात कन्नडही चालते. कन्नडमध्ये अंगठ्याला 'हेब्बेरळु' म्हणतात, म्हणजे थोरले बोट. हे नाव मला आता फार पटते. चार बोटे रॉडच्या वरून येतात, रॉड खालून तळहाताच्या टाचेवर टेकलेला असतो. तो टाचेवरून पुढे घसरू लागला तर त्याला अडवणारे एकच बोट, ते म्हणजे अंगठा. त्याने खालून येऊन वेढा पुरा केला की 'हिडि', नाही तर केव्हाही 'बिडु'. (मराठी विभागाच्या वाचकांसाठी : हिडि म्हणजे धर, बिडु म्हणजे सोड.)

हे केवळ नवशिक्यांचे दुखणे नव्हे. अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा फुटबॉलपटू स्टेफॉन जॉन्सन याच्या गळ्यावर 2009 साली बेंच प्रेस करताना रॉड पडला. वजन सुमारे 125 किलो. शस्त्रक्रिया सात तासांहून अधिक चालली. सुदैवाने तो वाचला. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमांत बेंच प्रेसमध्ये अंगठ्याचा वेढा सक्तीचा आहे, आणि तळवे उलटे करून धरण्यासही मनाई आहे. काही मुरलेले लोक बिनअंगठ्याची पकड वापरतात व तिची तारीफही करतात. करोत बापडे.

पण मनगटाची तक्रार खोटी नसते. तिचे कारण अंगठा नसून रॉडची जागा आहे. बाजारातला जुना तराजू आठवा : काट्यापासून वजन जितके लांब, तितकी दांडी अधिक झुकते. 50 किलोंपैकी 25 किलो एका हातावर येतात. रॉड बोटांच्या मुळाशी, मनगटाच्या मध्यापासून 6 सेंटिमीटर मागे असेल तर मनगटावर 25 गुणिले 6, म्हणजे 150चा पीळ पडतो. तोच रॉड 2 सेंटिमीटरवर आणला तर 50चा. वजन तेच, पीळ एकतृतीयांश! म्हणून रॉड तळहाताच्या टाचेवर, अंगठ्याच्या मुळाजवळ थोडा तिरपा घ्यावा, मनगट मागे मोडू देऊ नये, आणि मग अंगठा वळवावा. तळहात किंचित आत वळवले की ही जागा आपोआप सापडते.

दोन हातांत अंतर किती? रॉड छातीशी असताना कोपरापासून मनगटापर्यंतचा हात उभा दिसला पाहिजे. खांद्यांच्या रुंदीच्या दीडपटीहून रुंद पकड खांद्याला जाचते. मी आईच्या शिवणाच्या टेपने मोजले : खांदे 40, म्हणजे पकड 60 सेंटिमीटरच्या आसपास. स्पर्धेत 81 सेंटिमीटरपर्यंत मुभा आहे म्हणून आपण तेथवर जाण्याचे कारण नाही. डोक्यावर दाबताना हात आणखी जवळ, खांद्यांच्या जरासे बाहेर.

डोक्यावरचे वजन हा निराळाच मामला. ऑलिंपिकमधून 'प्रेस' हा प्रकार 1972च्या म्युनिकनंतर काढून टाकला. आता स्नॅच आणि क्लीन अँड जर्क उरले. 2022च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने 55 किलो गटात 248 किलो उचलून रौप्यपदक मिळवले. सुवर्ण एका किलोने हुकले, कारण जर्कमध्ये 139 किलो उचलताना त्याच्या उजव्या कोपराला इजा झाली. त्याच दिवशी आपल्या कन्नड विभागाच्या कुंदापूरकडील गुरुराज पुजारीने 61 किलो गटात कांस्य घेतले. असे मल्ल जमिनीवरून रॉड ओढताना अंगठा बोटांखाली दाबूनच धरतात. एवढी तयारी असूनही कोपर जाते, मग आपण तर हौशी मंडळी.

घामाचा उपाय खडूसारखी दिसणारी मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड. तोंडाला लावायची पावडर नको, ती उलट हात घसरवते. रॉडवरची खरखरीत जाळी झिजून गुळगुळीत झाली असेल तर दुसरा रॉड मागावा. मागे कोणी उभे नसेल तर बेंच प्रेस करू नये. करायचाच तर दोन्ही बाजूंना आडव्या दांड्यांचा आधार असावा. तोही नसेल तर प्लेटांना क्लिपा लावू नयेत, म्हणजे अडल्यावर रॉड कलता करून प्लेटा खाली सोडता येतात. आवाज होतो, लोक बघतात, पण मान मोकळी होते.

धाकटा भाऊ आता माझ्याबरोबर येतो. त्याला मी रिकामा रॉडच देतो. तेवढे 20 किलोही त्याला सध्या पुरतात. उचलण्याआधी दर वेळी मी त्याला चाचांचा प्रश्न विचारतो आणि तो दर वेळी वैतागतो.