कानबाईला गावी निघण्याआधी गाडीच्या ब्रेक डिस्क तपासा

श्रावण आला की आपल्या सचिन, उधना, पांडेसरा, लिंबायत भागातली खान्देशी कुटुंबे कानबाईसाठी गावी निघतात. रोटाला सारे भाऊबंद एकत्र यावे लागतात, त्यामुळे पाच जणांच्या गाडीत सात जण बसतात आणि डिकी सामानाने भरते. पलसाणा, बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर करत गाडी भर पावसात कोंडाईबारीच्या घाटाला लागते. निघण्याआधी आपण हवा बघतो, डिझेल-सीएनजी बघतो. ब्रेक मात्र ‘लागतोय ना, मग झालं’ म्हणून सोडून देतो.

ब्रेकचे काम काय?

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी. पॅडल दाबले की कॅलिपर दोन्ही बाजूंनी पॅड दाबून तिला पकडतो आणि गाडीचा वेग उष्णतेत बदलतो. ही उष्णता थोडीथोडकी नसते. माणसांसह १,४०० किलोची गाडी १०० मीटर उंची फक्त ब्रेकवर उतरली, तर तेवढ्या उष्णतेने सुमारे ४ लिटर पाणी उकळीला येईल. म्हणून घाटात ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावे, असे जुने ड्रायव्हर सांगतात. इंजिनाने गाडी धरली की ब्रेकवरचा भार कमी होतो.

हे सगळे पॅड आणि डिस्क यांच्या घर्षणावर चालते. मध्ये तेलाचा पातळ थर आला तरी पकड सुटते.

गंज आणि तेल यांत फरक करा

गाडी धुतल्यावर किंवा रात्रभर पावसात उभी राहिल्यावर सकाळी डिस्कवर तांबूस थर दिसतो. डुमसचा किनारा जवळ, हवा दमट, त्यामुळे आपल्याकडे तो लवकर येतो. त्याला घाबरू नका, चार-पाच वेळा ब्रेक मारला की पॅडच तो पुसून काढतात. महिनोन्‌महिने उभ्या गाडीचा गंज मात्र खोल जातो आणि डिस्कला खड्डे पाडतो.

तेल, ग्रीस, ब्रेक ऑइल, टायर पॉलिश किंवा बिजागरीला मारायचा स्प्रे डिस्कवर गेला तर ते आपोआप जात नाही. त्याची लक्षणे अशी:

- ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते. तेल लागलेले चाक पकडत नाही, म्हणून गाडी चांगल्या चाकाकडे वळते.
- पॅडल नेहमीसारखे दाबूनही गाडी उशिरा थांबते.
- किंचाळल्यासारखा आवाज किंवा जळका वास येतो.
- रिमच्या आतल्या बाजूला तेलकट ओघळ दिसतात.

आधी गळती शोधा

डिस्क पुसून दिली आणि तेल कुठून आले ते पाहिले नाही, तर आठ दिवसांत पुन्हा तेच. कॅलिपरचे सील गळत असेल, अ‍ॅक्सलचा रबरी बूट फाटून ग्रीस उडत असेल, किंवा मागच्या ड्रममधला व्हील सिलिंडर गळत असेल. हे गॅरेजवाल्याला स्वतः दाखवायला सांगा.

सफाई कशी करायची?

गाडी सपाट जागी उभी करा, दुसऱ्या चाकांना विटा लावा, नुसत्या जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड द्या. डिस्क थंड होऊ द्या. मग ब्रेक क्लीनर स्प्रे किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन, धागे न सोडणाऱ्या स्वच्छ कापडाने दोन्ही बाजू पुसा. कापड काळे यायचे थांबेपर्यंत दर वेळी नवे कापड घ्या. रॉकेल आणि डिझेल अजिबात नको, ते वाळल्यावरही तेलकट थर ठेवतात. पॅडची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, ती फुप्फुसात जाते.

डिस्क बिडाची असल्याने वरचे तेल निघते. पॅडचे तसे नाही. पॅड सच्छिद्र असतात आणि तेल आत शोषून घेतात. पॉलिश पेपरने घासून किंवा आगीवर भाजून ते सुधारत नाहीत. गरम झाले की आतले तेल पुन्हा बाहेर येते, नेमके घाटात. असे पॅड दोन्ही चाकांचे एकदम बदला. ड्रमच्या शूजलाही हाच नियम.

डिस्क कधी बदलायची?

डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर ‘किमान जाडी’चा आकडा बहुधा कोरलेला असतो. मायक्रोमीटरने मोजून जाडी त्याखाली आली असेल, तडा असेल, खोल चरे असतील किंवा उष्णतेचे निळे डाग पडून ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरत असेल, तर डिस्क बदला. तीही जोडीने. लेथवर घासून घ्यायची असेल तर घासल्यावरही किमान जाडी शिल्लक राहायला हवी.

नव्या डिस्कला गंज लागू नये म्हणून कारखान्यात तेल लावलेले असते. ते ब्रेक क्लीनरने पुसल्याशिवाय बसवू देऊ नका. हबचा गंजही घासून घ्या, नाहीतर नवी डिस्क वाकडी बसते. नंतर मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगावरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा हळू ब्रेक मारा आणि मध्ये थंड होऊ द्या. तेव्हाच पॅड नीट बसतात.

पुराच्या पाण्यातून गेलेली गाडी

ऑगस्ट २००६ चा तापीचा पूर सुरतकर विसरलेले नाहीत, आणि खाडीपूर तर पावसाळ्यात मधूनमधून येतोच. त्या पाण्यात चिखलाबरोबर डिझेल आणि ऑइलही तरंगत असते. चाके बुडाली असतील तर पाणी ओसरल्यावर डिस्क, कॅलिपरच्या सरकत्या पिना आणि मागचे ड्रम उघडून साफ करून घ्या. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. पाण्यात राहिलेल्या गाडीचे लगेच.

तपासणी निघायच्या आदल्या रात्री नको, आठ दिवस आधी करा. पॅड किंवा डिस्क बदलावी लागली तर ती बसायला शहरातले दोन-चार दिवस मिळतात, आणि घाटात नव्या ब्रेकची परीक्षा होत नाही.