खेळाचा हिशेब

खोपोली मागे टाकून पालीकडे जाणारा रस्ता कित्येक पिढ्यांच्या ओळखीचा आहे. बल्लाळेश्वराच्या दर्शनाला निघालेले यात्रेकरू याच वाटेने जातात. याच परिसरातील उंबरखिंडीत १६६१ साली शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या फौजेची कोंडी केली. एका बाजूस सह्याद्रीची उभी भिंत आणि पावसाळ्यात तिच्या अंगावरून उतरणारे असंख्य ओहोळ, असा हा मुलूख. या रस्त्यालगत सांगडेवाडी नावाची वस्ती आहे. खालापूर आणि कर्जत तालुक्यांबाहेर हे नाव फारसे कोणाच्या कानी नव्हते. परंतु एप्रिल २०१३ मध्ये तेथे ‘इमॅजिका’ नावाचे प्रचंड मनोरंजन उद्यान सुरू झाले आणि मुंबई-पुण्याची मुले सांगडेवाडीची वाट विचारू लागली.

उद्यानात पाहण्याजोगे पुष्कळ होते. ‘नायट्रो’ नावाचा रोलर कोस्टर स्वित्झर्लंडमधील एका नामांकित कंपनीने बनविलेला होता. सुमारे ४० मीटर उंचीवरून तो खाली झेपावतो आणि आपल्या प्रवासात पाच वेळा माणसांना उलटे करतो. बसणाऱ्याच्या पायांखाली फळीसुद्धा नसते. पाय अधांतरी लोंबकळत असतात! या गाडीला स्वतःचे इंजिन नाही. विजेच्या मोटरीवर चालणारी साखळी तिला एकदाच माथ्यावर ओढून नेते. पुढील सारा वेग त्या उंचीतून उत्पन्न होतो. खोपोलीला हे तत्त्व नवे नाही. १९१५ साली सुरू झालेल्या टाटांच्या विद्युत्केंद्रात घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी नळांतून खाली कोसळते आणि त्याच्या वेगावर वीज निर्माण होते. उंची आधी कमवावी लागते, मग वेग मिळतो.

दुसऱ्या एका दालनात अलिबाबा आणि चाळीस चोरांची गोष्ट होती. तेथे पाहुण्यांनी गाडीत बसून हातातील खेळण्यातल्या बंदुकीने चोरांवर नेम धरायचा असे. ज्याचे नेम अधिक लागतील त्याचे गुण अधिक. पडद्यावर खेळावयाचा व्हिडिओ गेमच जणू खोलीएवढा मोठा करून त्यात माणसांना बसविले होते.

हे उद्यान उभारणारी मंडळी मूळची चित्रपटाच्या धंद्यातील. मनमोहन शेट्टी आणि वसनजी ममानिया यांनी १९७८ साली मुंबईत ‘अ‍ॅडलॅब्ज’ नावाची प्रयोगशाळा काढली. कॅमेऱ्यातून निघालेली फिल्म रसायनांत धुऊन तिच्या प्रती काढणे, हे तिचे काम. पुढे शेट्टी चित्रपटनिर्मितीतही उतरले. १९८३ चा ‘अर्धसत्य’ हा गाजलेला हिंदी चित्रपट त्यांनी प्रदीप उप्पूर यांच्यासह निर्माण केला. (त्या चित्रपटाची मूळ कथा आपल्या मराठीतील होय, श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’. पटकथाही विजय तेंडुलकरांची.) २००१ मध्ये मुंबईत वडाळा येथे घुमटाकार पडद्याचे आयमॅक्स चित्रपटगृह कंपनीने उघडले. २००५ मध्ये या कंपनीची मोठी मालकी अनिल अंबानी यांच्या उद्योगसमूहाकडे गेली. त्यानंतर शेट्टी यांनी जो नवा उद्योग हाती घेतला, तो म्हणजे खालापूरचे हे उद्यान. सुमारे ३०० एकर जमीन घेण्यात आली आणि प्रकल्पाचा खर्च दीड हजार कोटी रुपयांच्या पलीकडे गेला.

एवढा पैसा एका माणसाच्या तिजोरीत नसतो. त्याचा मोठा भाग बँकांकडून कर्जाऊ घेतलेला होता. अशा कर्जाचे स्वरूप समजून घेण्यासाठी कर्जतच्या फलाटावर जाऊन उभे राहावे. बोरघाटाची चढण इतकी तीव्र आहे, की काही ठिकाणी ३७ मीटर पुढे जाताना लोहमार्ग १ मीटर वर चढतो. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या जड गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. रेल्वेचे लोक त्यांना ‘बँकर’ म्हणतात! ती गाडीला मागून रेटतात आणि घाट चढून झाला की सोडविली जातात. बँकेचे कर्ज हेही असेच मागून रेटणारे इंजिन होय. त्याच्यावाचून मोठा उद्योग घाट चढत नाही. परंतु या इंजिनाला जोडल्या क्षणापासून दररोज इंधन पुरवावे लागते. त्या इंधनाचे नाव व्याज. घाटमाथा अपेक्षेपेक्षा दूर निघाला, तर गाडीची सारी कमाई त्या इंधनातच संपते.

हे आकड्यांत मांडून पाहू. समजा, एका उद्यानावर १,००० कोटी रुपयांचे कर्ज आहे आणि व्याजाचा दर शेकडा १२ आहे. वर्षाचे व्याज झाले १२० कोटी. म्हणजे दिवसाला सुमारे ३३ लाख. प्रत्येक पाहुण्याकडून १,००० रुपये मिळतात असे धरले, तर नुसत्या व्याजासाठीच रोज ३,३०० पाहुणे आले पाहिजेत. विजेचे देयक, नोकरांचे पगार आणि यंत्रांची देखभाल यांची अद्याप गणतीही झालेली नाही. रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत एवढे लोक सहज येतील. पण मंगळवारचे काय? आणि श्रावणातल्या मंगळवारचे? खालापूर-कर्जतचा पाऊस मोठा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. जोराचा पाऊस आणि विजा सुरू झाल्या म्हणजे उघड्यावरील उंच राईड थांबवाव्या लागतात. व्याज मात्र पावसात थांबत नाही.

खेळ विकण्याच्या व्यवसायातील ही अडचण केवळ उद्यानांची नव्हे. अलिबाबाच्या दालनातील गुणांचा खेळ ज्या व्हिडिओ गेमवरून सुचावा, त्या खेळांच्या पहिल्या मोठ्या कंपनीवर तीस वर्षांपूर्वी असाच प्रसंग गुदरला होता. ती कंपनी म्हणजे अमेरिकेतील ‘अटारी’. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात तिची स्थापना केली. योगायोग असा, की बुशनेल विद्यार्थिदशेत यूटा राज्यातील ‘लगून’ नावाच्या मनोरंजन उद्यानातच खेळांच्या विभागात नोकरी करीत असत. माणूस खिशातले नाणे कशासाठी काढतो, हे ते तेथे शिकले. त्याच वर्षी अटारीने ‘पाँग’ हा खेळ आणला. पडद्यावर दोन उभ्या रेघा आणि त्यांच्यामध्ये इकडून तिकडे टोलविला जाणारा एक ठिपका, एवढाच तो खेळ; पण लोकांनी त्यात नाण्यांची रास ओतली. १९७६ मध्ये वॉर्नर या बलाढ्य कंपनीने अटारी विकत घेतली. पुढील वर्षी घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचे खेळयंत्र बाजारात आले. त्यात निरनिराळ्या खेळांच्या डब्या, म्हणजे कार्ट्रिज, बसवायच्या.

मग अंदाज चुकू लागले. १९८२ मध्ये ‘पॅक-मॅन’ या खेळाच्या सुमारे १ कोटी २० लाख डब्या बनविण्यात आल्या. त्या वेळी लोकांच्या घरी अटारीची यंत्रे होती सुमारे १ कोटी! यंत्रापेक्षा डब्या अधिक, हा हिशेब तिसरीतील मुलालाही चुकीचा वाटला असता. पण सतत यश मिळत गेले म्हणजे मोठ्या माणसांची वजाबाकी कच्ची होते. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘ई. टी.’ या चित्रपटावरील खेळ आला. नाताळच्या विक्रीस तो तयार हवा म्हणून एका कुशल प्रोग्रॅमरला तो जेमतेम पाच आठवड्यांत पुरा करावा लागला. खेळ मुलांना रुचला नाही आणि लाखो डब्या पडून राहिल्या. १९८३ मध्ये कंपनीला ५० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. त्या सप्टेंबरात अटारीच्या न खपलेल्या मालाचे ट्रक न्यू मेक्सिको राज्यातील अ‍ॅलामोगोर्डो गावी नेऊन कचऱ्याच्या खड्ड्यात रिकामे करण्यात आले. पुढल्या वर्षी वॉर्नरने कंपनीचे तुकडे करून तिचा मोठा भाग विकून टाकला. एप्रिल २०१४ मध्ये तो खड्डा उकरण्यात आला, तेव्हा मातीखालून त्या डब्या खरोखरच निघाल्या.

अ‍ॅलामोगोर्डोची माती अशी उपसली जात होती, त्या सुमारास इमॅजिकाचा विस्तार चालला होता. २०१४ मध्ये जलोद्यान, २०१५ मध्ये हॉटेल, २०१६ मध्ये कृत्रिम बर्फाचे दालन, असे एकामागून एक भाग उघडले. वैशाखात बाहेर अंगाची लाही होत असताना आत मुले बर्फाचे गोळे करीत. यातील कोणतीही गोष्ट कुचकामी नव्हती. अटारीचा ‘ई. टी.’ मुलांना आवडला नाही. नायट्रो मात्र आवडला. तरीही ज्या संख्येने पाहुणे येतील असे धरून कर्ज काढले होते, त्या संख्येने ते आले नाहीत. चौघांचे कुटुंब मुंबईहून यायचे, तर गाडीभाडे, तिकिटे आणि जेवण मिळून चांगलीच रक्कम होई. वर्षातून एकदा हौस पुरी झाली की पुन्हा येण्याची घाई कोणाला नसे. भरीस जुलै २०१७ पासून अशा उद्यानांच्या तिकिटावर शेकडा २८ दराने वस्तू व सेवा कर लागू झाला. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ वर आणला गेला.

मार्च २०१५ मध्ये कंपनीने आपले शेअर लोकांना विकले होते. शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा लहानसा वाटा. एका वाट्याची किंमत १८० रुपये ठेवली होती. पण बाजारात व्यवहार सुरू झाला त्याच दिवशी ती त्याखाली घसरली. पुढे कर्जाचे हप्ते थकले. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे उद्यानाची दारे बंद झाली, राईड जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि १८० रुपयांचा तो वाटा पाच रुपयांनाही महाग झाला.

कंपनीची मोडतोड मात्र टळली. अहिल्यानगर जिल्ह्यातील संगमनेरचा मालपाणी उद्योगसमूह लोणावळा आणि शिर्डी येथे जलोद्याने चालवीत होता. पावसाळा, सुट्ट्या आणि सहली यांचे गणित त्याच्या अंगवळणी पडलेले होते. जून २०२२ मध्ये त्याने ४१५ कोटी रुपये घालून इमॅजिकाची बहुतांश मालकी घेतली. बँकांनी आपल्या येण्यातील मोठ्या रकमेवर पाणी सोडले. २०२२-२३ च्या हिशेबात कंपनीला मोठा नफा दिसला खरा. परंतु त्यातील पुष्कळसा तिकिटांतून आलेला नव्हता. माफ झालेले कर्जच तेथे नफा म्हणून उतरले होते. बँकांनी जे सोडले, ते पैसे मुळात ठेवीदारांचे. त्यांतील कितीतरी जण कधी नायट्रोत बसलेही नसतील.

‘अ‍ॅडलॅब्ज’ हे नाव कंपनीवरून गेले, ‘इमॅजिका’ मात्र राहिले. पालीच्या रस्त्यावर सहलीच्या बसगाड्या पुन्हा वळू लागल्या.