काळी माती आणि घराचा पाया

वैशाखात विदर्भातील वा माळव्यातील काळ्या रानात पाऊल टाकावे, तर जमिनीस हातभर खोल भेगा पडलेल्या दिसतात. मृगाचा पाऊस झाला की त्याच भेगा मिटतात व जमीन फुगून वर येते. कपाशीस मानवणारी ही भूमी घरास मात्र मानवत नाही.

या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे कण म्हणजे एकावर एक रचलेले अतिसूक्ष्म पापुद्रेच होत. त्यांमध्ये पाणी शिरले की ते परस्परांपासून दूर सरतात. पाणी गेले की जवळ येतात.

घराच्या कडेची माती अशी दरवर्षी भिजते व वाळते. मध्याखालील माती फारशी बदलत नाही. त्यामुळे पाया सर्वत्र सारखा हलत नाही आणि दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून भिंतींस तिरप्या भेगा जातात. हे भय हलक्या, एकमजली घरासच अधिक. कारण फुगणारी माती दाबून धरण्याइतके वजन त्यास नसते. म्हणजे झीज सोसावी लागते ती बहुधा लहान घरवाल्यासच.

यावर रूडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने एक पाया विकसित केला. त्यात सुमारे साडेतीन मीटर खोल काँक्रीटचे खांब ओततात. खांबाचा तळाकडील भाग कंदासारखा रुंद, साधारणतः अडीचपट व्यासाचा असतो. इतक्या खोलीवर ऋतूंचा परिणाम फारसा पोहोचत नाही. वरील तुळई व जमीन यांमध्ये पोकळीही ठेवतात.

मातीस हालू न देणे कठीण. तिच्या हालण्यापासून घर अलिप्त ठेवणे मात्र मनुष्याच्या हाती आहे.